सुपातले देव आणि सरदाराचा घोडा

जनाबाईनं हाक मारली की देव येतात की नाही, हे अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतच्या आगरी गावांत कुणी कधी तपासून पाहिलं नाही. पाणी ओलं असतं की नाही, हे कुणी तपासतं का?

जनाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण बसल्याशिवाय हळद लागत नसे. ती पाटावर बसायची, पुढ्यात सूप घ्यायची आणि धवला गाऊन एकेका देवाला लग्नाला बोलवायची. गणपती आला, की सुपात चार दाणे तांदूळ. गावदेवी आली, चार दाणे. खंडोबा, खाडी, डोंगर, बांधावरचा वेताळ आणि मग घरातली मेलेली माणसं, आजे-पणजे, प्रत्येकाला चार दाणे. सगळे येऊन सुपात बसले, की लग्न. लग्न लागलं, की तसाच एकेकाला निरोप. त्याचे दाणे उचलायचे आणि उंबराच्या मुळाशी ठेवायचे. मधल्या वेळात सूप कुणी हलवायचं नाही. देव बसलेलं सूप हलवणं म्हणजे जेवत्या पाहुण्याच्या खालचा पाट ओढणं.

एकदा सुरू केलेला धवला तिनं कधी अर्ध्यावर सोडला नाही. एका गावात वाऱ्यानं मांडव उडून शेजारच्या खाचरात जाऊन बसला, ती उघड्या आभाळाखाली गात राहिली. दुसऱ्या एका गावात नवरदेवाचं पोट बिघडलं होतं. तो उठून जाई आणि परत येईपर्यंत जनाबाई त्याच कडव्यावर फिरत राही. त्या दिवशी खंडोबाला एवढ्यांदा बोलावणं गेलं, की म्हातारी माणसं म्हणाली, देव आता रागानं येईल. "अर्धा धवला म्हणजे अर्धं बांधलेलं तोरण," जनाबाई म्हणायची. "त्याच्याखालून कुनी जाव नये."

तिचं स्वतःचं लग्न मात्र जरा वाकडंच लागलं. धर्मराज बैलगाडीतून वऱ्हाड घेऊन आला. गाडी मांडवाला लागली आणि डावीकडच्या बैलानं मान लांब करून नवरीच्या गळ्यातला हार खाल्ला. देठासकट. सासूनं त्या क्षणी जे डोळे वटारले, ते मरेपर्यंत मिटले नाहीत. त्या बाईचे नियम फार, त्यातला मोठा नियम हा, की दिवसाउजेडी सुनेनं नवऱ्याशेजारी ओट्यावर बसायचं नाही. सासू गेली, नियम मागं राहिला. बुवापाड्यातल्या त्यांच्या घराच्या ओट्याच्या एका टोकाला धर्मराज बसतो, दुसऱ्या टोकाला जनाबाई. मधे एखादी म्हैस पाय पसरून बसेल एवढी जागा रिकामी.

पुढं शेतं गेली, इमारती आल्या आणि लग्नं लॉनवर लागू लागली. धवलारणीला बोलावत, नाही असं नाही. पाटावर बसवत, तिच्यासोबत फोटो काढत आणि मग डीजे सुरू करत. बदलापूरच्या एका हळदीत अमित नावाचा डीजेवाला तिला म्हणाला, "आजी, तुम्ही गा बिनधास्त, मी खालून हलकासा बीट देतो." त्या हलक्याशा बीटनं टेबलावरचे ग्लास चालायला लागले. इकडं गावदेवीला बोलावणं चाललेलं, तिकडं पोरं शर्ट काढून डोक्यावर फिरवतायत. जनाबाईनं धवला पुरा केला, देवांना निरोप दिला, दाणे उचलले आणि घरी येऊन धर्मराजला सांगितलं, "गावदेवी आल्या पावली परत गेली. आता मी पन जायाची नाय."

ती गेली नाही. पण गाणारा गळा रिकामा राहिला की घरादाराला त्रास होतो. ती मांजराला चालीवर शिव्या देऊ लागली. भात उतू गेला तर अग्नीला, पाण्याला आणि कुकर बनवणाऱ्याला एकाच कडव्यात बोलावू लागली. सून संजीवनी गोरीमोरी होऊन शेजाऱ्यांना सांगायची, "आईंची तब्येत बरी आहे, आवाज तेवढा मोकळा होतोय."

बुवापाड्यातल्या बायका दुपारी जीन्सचे धागे कापतात. उल्हासनगर कॅम्प पाचमधून हरेशशेठ टेम्पोतून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे आणून टाकतो. बायका छोट्या कात्रीनं लोंबते धागे कापून पँटी परत बांधतात. जनाबाईच्या ओट्यावर अशी पाच-सहा जणींची बैठक असे. त्यात समोरच्या घरातली राजाबाई मुख्य. तिची कात्री धाग्यावर आणि जीभ माणसांवर सारखीच धारदार. संजीवनी मात्र कानात वायर घालून एकटीच हसत बसायची.

"काय गो, कनाला हसतंस?" जनाबाईनं एकदा विचारलं.

"गोष्ट आहे आई, मोबाईलवरची. जुन्या काळातली. एक गरीब मुलगी असते आणि एक सरदार." संजीवनीनं हे अशा आवाजात सांगितलं, की राजाबाईनं लगेच वायरीचं दुसरं टोक मागितलं. मग वायर काढून मोबाईल गठ्ठ्यावर ठेवला आणि सगळ्याच ऐकू लागल्या. गोष्टीतली मुलगी फाटकी चोळी घालून किल्ल्याच्या तटावर उभी होती. तिचे केस वाऱ्यावर उडत होते. सरदाराची छाती रुंद होती. मग परत केस उडाले. मग परत छाती रुंद झाली.

"यी पोर गरीब हाय ना?" जनाबाई म्हणाली.

"हो, खूप."

"मग सकाळपासून नुसती केसंच उडवतंय. कामाला कवा जाल? खाल काय?"

"आनि तो सरदार," राजाबाई म्हणाली, "त्याची छाती अशीच रुंद होत गेली तं दारात अडकंल."

"मग तुम्हीच सांगा ना आई," संजीवनी चिडून म्हणाली. "मी रेकॉर्ड करून पाठवते त्या ॲपवाल्यांना. ते नवीन गोष्टी मागतच असतात."

जनाबाईनं कात्री खाली ठेवली. ती उठून आत गेली आणि बाहेर आली ती सूप आणि मूठभर तांदूळ घेऊन. गळा साफ केला. गणपतीला बोलावलं, चार दाणे. गावदेवीला बोलावलं, चार दाणे. एकेक करत आजे-पणजेही आले आणि पहिला भाग त्यातच संपला. तिला दुसरी सुरुवात माहीतच नव्हती.

ॲपवाल्यांच्या तिथली विनिता नावाची मुलगी गोष्टी तपासायची. तिचा फोन आला. "आजी, आवाज एकदम जबरदस्त आहे. पण काय ना, पहिल्या भागात फक्त देवच येतायत."

"मग कोन येनार?"

"हिरॉइन?"

"येल ना हिरॉइन. घर झाडल्याबिगर तू सोयऱ्याला बोलावतंस का?"

विनितानं गोष्ट चालू ठेवली. 'ऐतिहासिक प्रणयकथा' असा तिचा वर्ग होता आणि वर एका उघड्या छातीच्या पुरुषाचं चित्र. ते जनाबाईला संजीवनीनं कधी दाखवलं नाही.

हिरॉइन आली. तिचं नाव हिरू. मिठागरात राबणारी पोर. बापूस नाही, आवस नाही, मामाही नाही. दिवसभर ती लाकडी फळीनं मीठ ओढायची. सांज झाली की तिच्या पावलांवर मिठाचा थर चढायचा, आणि उतरत्या उन्हात तो असा चमकायचा, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही गरिबाची पोर चांदीचे पाय घेऊन चाललीय. अशा एका सांजेला सरदार शमशेरराव घोड्यावरून बांधावर आला. त्याला घाई होती, सुभ्याला निरोप पोचवायचा होता. हिरू बाजूला झाली. सरदार पुढं जाणार, तोच घोड्यानं मान खाली घातली आणि तिच्या टाचेवरचं मीठ चाटू लागला.

सरदारानं लगाम ओढला. घोडा हलेना. टाच मारली, घोडा हलेना. सुभ्याचा निरोप तिथंच राहिला. "बाय, तुझा पाय काढ," सरदार म्हणाला. "सरदार, तुमचा घोरा काढा," हिरू म्हणाली. आणि घोडा आपला एक टाच संपवून दुसरीकडं वळला.

ओट्यावरच्या कात्र्या थांबल्या. जनाबाई सांगत होती, मधे मधे गातही होती, आणि तिच्या आवाजात खाडीवरचा खारा वारा असा फिरत होता, की कापलेले धागे अंगावर पडलेलेही कुणाला कळत नव्हते. परिणाम व्हायचा तो झाला. हरेशशेठ दोन गठ्ठे परत घेऊन आला.

"अरे माई, ये क्या है? धागा कापायला सांगितला होता, तुम्ही बेल्टचे लूप कापले. आणि ह्या पँटचा तर खिसाच गायब!"

"त्या टायमाला सरदारानं तिचा हात धरला होता, शेठ," राजाबाई म्हणाली.

"कौन सरदार?"

त्याला सांगावं लागलं. सुरुवातीपासून. हरेशशेठ टेम्पोच्या पायरीवर बसून ऐकत राहिला. गोष्ट थांबली तेव्हा त्यानं रुमालानं मान पुसली आणि विचारलं, "फिर? घोडा मग हलला की नाही?" दुसऱ्या दिवसापासून तो गठ्ठे टाकायला बरोबर गोष्टीच्या वेळेला येऊ लागला.

अशी गोष्ट भरात आली असताना विनिताचा परत फोन आला. या वेळी तिचा आवाज जरा बारीक होता. "आजी, वरून विचारतायत. एवढे भाग झाले, पण अजून प्रणय कुठाय? मीठ ओढणं झालं, घोड्याची मालिश झाली. येत्या शनिवारी दुपारपर्यंत तो गरम भाग नाही आला, तर ते गोष्ट बंद करून काढून टाकतील. मी काही नाही करू शकत."

"अर्ध्यावर?"

"हो ना आजी."

जनाबाईनं फोन संजीवनीच्या हातात दिला. पोरीला मिठात उभं करून ठेवलंय, सरदार दाराशी आलाय आणि गोष्ट तिथंच मरू द्यायची? आयुष्यभर न सोडलेला धवला या वयात सोडायचा? "शनवार कशाला," ती म्हणाली. "आजच सांगतंय. घे तुझा मोबाईल."

त्या दुपारी ओट्यावर एवढी शांतता झाली, की मधमाशी चुकून आली असती तर तिलाही लाज वाटली असती. सरदार हिरूच्या झोपडीत आला. त्यानं दार लोटलं. पणतीची ज्योत हलली. हिरूची पाठ भिंतीला टेकली होती आणि भिंत तिच्यासारखीच गरम झाली होती. सरदारानं तिच्या पदरावर हात ठेवला. राजाबाईनं श्वास धरला. हरेशशेठनं टेम्पोचं इंजिन बंद केलं. "आनि मग," जनाबाई म्हणाली, "मग सरदारानं..."

ती थांबली. तिची नजर सुपावर गेली होती. पहिल्या भागापासून ते सूप ओट्याच्या कोपऱ्यात तसंच होतं, वर टोपली झाकलेली.

"काय झालं आई?"

"देव," जनाबाई म्हणाली. "देव बसलेत गो."

कुणाला काही कळेना.

"मी पयल्या दिशी बोलावलेत सगळ्यांना. गनपती हाय, गावदेवी हाय. खंडोबा घोऱ्यासकट हाय. आजे-पनजे हायत. ते अजून हितंच बसलेत, ह्या गोष्टीत. त्यांच्यासमोर सरदारानं तिचा पदर कसा काढाचा?" तिनं आवाज खाली आणला. "माजी सासूसुदीक बसलीय."

या शेवटच्या बातमीनं धर्मराजही ओट्याच्या पलीकडच्या टोकाला ताठ झाला.

संजीवनीनं डोक्याला हात लावला. "आई, गोष्ट आहे हो ही! देव काय खरंच थोडेच बसलेत?"

जनाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, की संजीवनीला बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. "मग एवरी वर्सं लग्नांत मी काय खोटंच बोलवत होती?"

मग उपाय पुष्कळ निघाले. एकजण म्हणाली, देवांना पाठ फिरवून बसवा. एकीनं सुचवलं, देवांना चहाला पाठवा. राजाबाईचं म्हणणं पडलं, की सरदारानंच पणती विझवावी. "देवांना काळोखात दिसतंय गो," जनाबाई म्हणाली. "म्हनून तं ते देव." निरोप देऊन टाकावा, तर लग्न लागल्याशिवाय निरोप देता येत नाही. तांदूळ उचलायचे ते अक्षता पडल्यावरच. म्हणजे वाट एकच उरली. शनिवारच्या आत हिरूचं आणि सरदाराचं लग्न लावायचं.

विनिताला कळवलं. ती म्हणाली, "आजी, असं नका करू. लग्न झालं की रोमान्स संपतो."

"तुजं लगीन झालंय?"

"नाही."

"मग तुला कुनी सांगितलं?"

पण जनाबाईला लग्न नुसतं सांगून लावता येईना. धवला एकटीनं होत नाही. नवरीकडच्यांनी ओळ उचलायची, नवऱ्याकडच्यांनी झेलायची. दोन पक्ष हवेत. मग पक्ष पाडले. संजीवनी आणि निम्म्या बायका नवरीकडच्या. राजाबाईला वरमाय केलं, धर्मराजला नवऱ्याचा बाप केलं. त्याला विचारलं नाही. नवरीला मामा नव्हता, आणि मामाशिवाय नवरी मांडवात आणायची कुणी, यावर चर्चा चालली असताना टेम्पोजवळून आवाज आला, "मैं हूँ ना." हरेशशेठनं छातीला हात लावला होता. "पोरगी अनाथ आहे माई. मामा मी."

शुक्रवारी हळद ठरली. ओट्यावर अंगणातल्या उंबराची डहाळी बांधली. पक्ष समोरासमोर बसले. आणि राजाबाई, जिनं जन्मभर धागे कापले, ती वरमाय झाल्याबरोबर पालथ्या घड्यासारखी झाली. तिच्यावर काही ओतायची सोय राहिली नाही. "आमचा पोरगा सरदार हाय," ती म्हणाली. "तुमची पोर मीठ ओरतंय. आमी येलो यीच मोठी गोष्ट." चहात साखर कमी. हळद पातळ. नवरीकडच्या बायकांचा आवाज बसका. संजीवनी दात आवळून सगळं गोड मानत होती. मग राजाबाईनं बसल्या जागी हात फिरवला, खाली वाकून बघितलं आणि उठून उभी राहिली.

"यो कसला गठ्ठा?"

तो लूप कापलेल्या पँटींचा गठ्ठा होता.

"सरदाराच्या आवशीला रिजेक्ट मालावर बसवलंत?"

"राजाबाई, ते लूप तुम्हीच कापलेत!" संजीवनी म्हणाली.

"ते मी राजाबाय असताना कापलेत. आता मी वरमाय हाय!" आणि तिनं शेजारच्या रिकाम्या हवेत हात घातला, कुणाचं तरी मनगट धरावं तसा. "ऊठ रं शमशेर. चल घरी. असल्या ठिकानी आपल्याला सोयरीक नाय करायची."

ती समोरच्या घरात गेली. दार लावताना ती क्षणभर थांबली, मागून येणाऱ्याला आत घेण्याइतकी. आणि खरं सांगायचं तर ओट्यावरच्या प्रत्येकीला वाटलं, की एक उंच माणूस मान वाकवून त्या दारातून आत गेला. धर्मराज इकडं तिकडं पाहत राहिला, मग नवऱ्याचा बाप म्हणून तोही उठला आणि रस्ता ओलांडून राजाबाईच्या पायरीवर जाऊन बसला. हिरू हळद लावून तशीच राहिली. देवही सुपात तसेच.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी समजूत घालून पाहिली. संजीवनी लाडू घेऊन गेली, लाडू परत आले, वर त्यात वेलची नाही असा निरोप आला. जनाबाई सुपाजवळ बसून राहिली. ती कुणाला काही बोलली नाही, मांजरालाही नाही. वरमाय रुसली तर तिचं तिलाच उतरावं लागतं, तिथं धवलारणीचंसुद्धा काही चालत नाही. आणि दुसऱ्या दुपारी गोष्ट बंद होणार होती.

शनिवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी घुंगरांचा आवाज आला. बघतात तर पांढरी घोडी. डोक्यावर तुरा, पाठीवर जरीची झूल, बाजूला लगाम धरून घोडीवाला आणि पुढं फेटा बांधलेला हरेशशेठ. कॅम्प पाचमधल्या वरातीला जाणारी घोडी तो मधल्या वेळेपुरती वळवून घेऊन आला होता.

"शेठ, हे काय?" संजीवनीनं विचारलं.

"माझ्या भाचीचा नवरा पायी पायी येणार?" हरेशशेठ म्हणाला. "साईं, मार्केट में मेरी इज्जत है! बोलवा नवरदेवाला."

समोर राजाबाई पायरीवर लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसली होती. परातीत फोडी, मांडीशी मिठाची बरणी. घोडी बघून तिचे डोळे लकाकले, पण तोंड तिनं तसंच वाकडं ठेवलं. "घोरी आनली म्हनून काय झालं? आमचा पोरगा येयाचा नाय." असं म्हणून तिनं तोऱ्यात बरणी बाजूला सारली. बरणी कलंडली आणि मीठ तिच्या दोन्ही पावलांवर सांडलं.

घोडी थांबली. तिनं नाक फुलवलं. घोडीवाल्यानं लगाम ओढला, ती हलली नाही. तिनं मान लांब केली, खाली घातली आणि वरमायेच्या टाचेवरचं मीठ चाटू लागली.

"अगो आये!" राजाबाई किंचाळली. "अगो, गुदगुल्या करतंय! काढा ना तिला! अगो..." आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून, मग परातीवर पडून. तिच्याबरोबर सगळी गल्ली हसली. आणि हा नियम सासवांच्याही सासवांपासूनचा आहे, की रुसलेली वरमाय हसली की रुसवा मोडला. पुन्हा रुसायला तोंड राहत नाही.

धर्मराज पायरीवरून उठला. "चला," तो म्हणाला. साऱ्या लग्नात नवऱ्याचा बाप एवढंच बोलला.

मग जनाबाईनं जो आवाज लावला, तो बुवापाड्यानं कैक दिवसांत ऐकला नव्हता. रिकामी घोडी ओट्याला लागली, राजाबाईनं तिच्यावरून कुणाला तरी हात देऊन उतरवलं. हरेशशेठनं मामा म्हणून दोन्ही हात पुढं धरले आणि तोल सांभाळत नवरीला घेऊन आला. पोर हलकी होती, तरी त्याला घाम फुटला. दोन्ही पक्षांनी ओळी झेलल्या. अक्षता पडल्या, पँटींच्या खिशांत जाऊन बसल्या. त्या पुढं कुणाकुणाच्या घरी गेल्या असतील, देव जाणे. मोबाईल गठ्ठ्यावर उभा होता आणि विनिता फोनवर पलीकडं बसून ऐकत होती.

लग्न लागलं. जनाबाईनं टोपली उचलली, सूप पुढ्यात घेतलं आणि निरोपाचं गाऊ लागली. गणपती गेला. गावदेवी गेली. खंडोबा गेला, जाता जाता त्यानं त्या पांढऱ्या घोडीकडं एकदा पाहिलं, असं जनाबाईनं गाण्यात घातलं. खाडी आपल्या जागी गेली, डोंगर आपल्या जागी. आजे-पणजे काठ्या टेकत गेले. सूप रिकामं होत आलं. कडेला चार दाणे राहिले होते, वेताच्या विणीत रुतून बसलेले. जनाबाईनं नखानं काढून पाहिले. निघेनात.

"सासूबाय," ती गाणं थांबवून म्हणाली, नेहमीच्या आवाजात. "पोरीचं लगीन लागलं. सगळे गेले. आता तुमीपन जावा. आमी बघू आमचं."

तिनं सुपाला खालून एक हलकी टिचकी मारली. दाणे उडून तिच्या तळहातावर पडले. उंबराच्या मुळाशी ते ठेवताना तिचा हात थोडा वेळ तिथंच राहिला.

मग ती परत आली, पाटावर बसली आणि म्हणाली, "आता लावा दार."

सरदारानं दार लावलं. या वेळी कुणी बघायला नव्हतं, फक्त सगळा बुवापाडा होता. हिरूनं मान खाली घातली. सरदारानं तिच्या खांद्यावरचा पदर सारला आणि तिथं ओठ ठेवले. आणि थबकला.

"जनमभर त्यानं पेढे खाल्ले," जनाबाई म्हणाली. "लाडू खाल्ले, केशराचं दूध प्यायला. मीठ ताटात चिमूटभर, तेपन डावीकडं. आनि हितं अख्खी पोर मिठाची. खांद्याला मीठ, मानेला मीठ, मनगटाला मीठ. तवा त्याला समजलं, त्या दिशी घोऱ्याला काय समजलं होतं."

कात्र्या कधीच खाली पडल्या होत्या.

"मग तो खाली वाकला," जनाबाईचा आवाज ओहोटीच्या पाण्यासारखा हळू झाला, "आनि घोरा जिथं थांबला होता ना, टाचेवर, तिथून त्यानं पुरं सुरू केलं."

तिथून वर सरदार कसकसा गेला, ते सगळं जनाबाईनं सांगितलं. घाई केली नाही. मिठागरात जसं एक कोंडं, म्हणजे पाण्याचा वाफा, भरल्याशिवाय पाणी पुढच्या कोंड्यात सोडत नाहीत, तसं तिनं सांगितलं. ते तिच्या तोंडूनच ऐकायला हवं, कागदावर ते वाळून जाईल. हरेशशेठ टेम्पोच्या टायरकडं असा बघत राहिला, जणू त्यावर काही लिहिलं आहे. संजीवनीनं एका पँटनं वारा घेतला. कुणीतरी कुजबुजलं, "राजाबाय, तू वरमाय ना? तुजं काय काम हितं? ऊठ."

"बस तू," राजाबाई म्हणाली. "माजा पोरगा नीट करतंय का नाय, बघाया नको?"

गोष्ट संपली. पणती विझली. हिरू झोपली आणि बाहेर घोडा भिंतीला लागलेलं मीठ चाटत उभा राहिला.

"विनिता?" संजीवनीनं फोनमध्ये विचारलं. "ऐकलं का गं? चालेल ना?"

पलीकडून एक खोल श्वास आला. "हो. चालेल. म्हणजे... लगेच टाकते मी. एक मिनिट हं, पाणी पिऊन येते."

भाग दुपारच्या आत गेला. घोडी तिच्या वरातीला गेली, हरेशशेठ रिकामाच कॅम्प पाचला गेला. त्या दिवशी त्यानं नेण्यासारखी एकही पँट तयार नव्हती, आणि त्यानं मागितलीही नाही. बायका आपापल्या घरी गेल्या, नेहमीपेक्षा जरा लगबगीनं.

ओट्यावर दोघंच राहिली. जनाबाईनं रिकामं सूप झाडलं, भिंतीला टेकवलं. आपल्या टोकाला जाऊन बसण्यासाठी ती वळली आणि मधेच थांबली. उंबराच्या डहाळीकडं एकदा बघून घेतलं. मग भर उन्हात, गल्ली उघडी असताना, ती धर्मराजच्या शेजारी जाऊन बसली. मधली म्हशीची जागा संपली.

धर्मराज दचकला, पण सरकला नाही. दोघं समोरच्या रस्त्याकडं बघत राहिली. घोडीच्या खुरांचे ठसे अजून मातीत होते.

"आपल्या लग्नाला घोरा नव्हता," थोड्या वेळानं धर्मराज म्हणाला.

"नव्हता," जनाबाई म्हणाली. "तुमचा बैल होता. माजा हार खाल्ला त्यानं. तुमची आवस म्हनली, अपशकुन झाला."

धर्मराजनं बराच विचार केला. तो नेहमीच बराच विचार करायचा. मग त्यानं मान न वळवता, कानाच्या पाळीपर्यंत लाल होत, हळूच म्हटलं,

"त्या बैलालापन काय तरी समजलं असंल."